चार तऱ्हांची बटणं

अक्का गेली तेव्हा मी सरस्वतीपुरमच्या घरी भाजी चिरत होते. पुतण्याचा, मोहनचा, दवाखान्यातून फोन आला. "काकू, आई गेली," एवढंच बोलला. मी गॅस बंद केला आणि रिक्षा बोलावली. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. वय झालेलं होतं, आजारही होता. अकाली गेली असं मी म्हणणार नाही. साधुसंतही नव्हती. हट्टी होती, आमटीत मीठ कमी पडलं तर पाहुण्यांदेखत सांगायची. महिना उलटून गेला. पण तिच्या हातून होताना मी एक गोष्ट बघितली, ती डोक्यातून जात नाही... म्हणून लिहिते.

आमच्या सासऱ्यांची काळी मोटार अक्काच्या मेटगळ्ळीच्या घरी असते. घरातले पुरुष बेळगोळला कारखान्यात बसनं जायचे. मोटार चालवायची अक्का. पदर खोचून बसायची आणि मी शेजारी. स्टिअरिंगपुढच्या फळीवर बटणं होती ती चार तऱ्हांची. दिव्याचं ओढायचं, वायपरचं फिरवायचं, आतल्या दिव्याचं खाली पाडायचं, स्टार्टरचं दाबायचं. पुढे काचबिंदूनं तिची नजर गेली आणि चालवणं सुटलं. तरी रोज सकाळी पोळ्या झाल्या की ती भिंत धरत अंगणात जायची, मोटारीत बसायची, एकेका बटणाला हात लावायची, इंजिन चालू करून जरा वेळ ऐकायची आणि बंद करायची. देवळाला पायऱ्या, रस्त्यावर स्कूटरी. बाईला जायला दुसरी जागा उरली नव्हती.

मग दिव्याचं बटण बंद पडलं, वायपरचं अडकायला लागलं. मोहननं बसवराजू नावाच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं बघितलं आणि कानडीत म्हणाला, "बिडी अम्मा, होसदु हाकोणा." सोडा, नवीन घालू. मोहननं नव्या बटणांची पट्टी आणूनच ठेवली होती. काळी, चपटी, सगळी एकसारखी, वर इंग्रजी अक्षरं. अक्कानं पट्टीवरून बोट फिरवलं. पुन्हा एकदा फिरवलं.

"ह्यातलं दिव्याचं कुठलं?"

"लिहिलंय की आई त्यावर."

"कुणासाठी, माझ्यासाठी?" मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "तू सांग गं."

"मला काय विचारतेस? मला इंग्रजी येतं होय?"

"झालं तर मग. मी आंधळी, ही अडाणी. आमची मोटार आम्हालाच बंद."

बसवराजू हसला. अक्का हसली नाही. "हे घातलंस तर मी परत मोटारीत बसायची नाही, मोहन." ती बोलायची ते करायची, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मोहननं वैतागून बॅटरीची वायर काढली, दिव्याचं बटण सोडवलं आणि तिच्या हातात दिलं. "कर काय करायचं ते." अक्का काठाचं ताट पुढ्यात घेऊन बसली, तांदूळ निवडायला बसावं तशी. चमच्याच्या दांड्यानं बटणाचे पत्र्याचे कान उचकटले. आतलं एकेक काढून, निघेल तसं, ताटात ओळीनं ठेवत गेली. स्प्रिंग, डाळीएवढा छर्रा, पितळी पट्ट्या. पट्ट्या खरखरीत झाल्या होत्या. निरांजनं घासतो तशा त्या चिंचेनं घासल्या, धुतल्या, मला उन्हात वाळवायला लावल्या. एकदा छर्रा निसटला. मी शोधायला वाकले. "साकू, हात घालू नकोस." तिनं ताट जरासं कलतं केलं, कान दिला, आणि बोट टेकवलं ते छऱ्यावरच. सगळं आत गेलं, पत्र्याचे कान दाबून बसवले... एक तुकडा उरला नाही.

मोहननं बटण लावलं, बॅटरीची वायर जोडली आणि ती धरून तिथेच खाली वाकून राहिला. अक्कानं बटण ओढलं. मी मोटारीपुढे उभी होते. ऊन मोटारीच्या मागून थेट माझ्या डोळ्यांत येत होतं. "लागला का?" मोहननं विचारलं. "कुठला लागतोय," मी म्हटलं. अक्का उतरली, बॉनेट चाचपत पुढे आली आणि तिनं दिव्याच्या काचेवर तळवा ठेवला. उभी राहिली. आम्हीही उभे...

"लागलाय. ऊब आली."

मग दुसऱ्या दिव्याला हात लावला. "हाही." मी खाली वाकून, डोळ्यांवर हाताची सावली धरून बघितलं. खरंच लागले होते. मी ऊठसूट हात जोडणारी बाई नाही. त्या सकाळी मात्र अंगावर काटा आला. डोळे मला होते, आणि दिवा आधी तिला कळला.

मोहननं नवी पट्टी दुकानात परत केली. अक्का त्याच सीटवर पुन्हा रोज बसायला लागली. मग वायपरचं बटण हातात घेतलं, उघडून ताटात मांडलं, आणि त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात न्यावं लागलं. घरी आलीच नाही.

दिवसकार्य झाल्यावर बसवराजू आला. ताटाकडे बघून म्हणाला, हे आता कोण जोडणार, हे एकच नवीन घालू, बाकीची जुनी राहू देत. बोलणं काही चूक नव्हतं. मीही मोहनला तेच सांगितलं. "बेड काकू, नको," मोहन म्हणाला, "असू दे." ताट मागच्या सीटवर आहे, वर फडकं टाकलेलं. फळीत वायपरच्या बटणाच्या जागी भोक आहे.

परवा मोहन मला घेऊन मोटारीनं लग्नाला निघाला. कोपऱ्यापर्यंत गेलो तर आभाळ भरून आलेलं. त्यानं मोटार वळवली, घरी आणून लावली, आणि आम्ही बसनं गेलो. बसमध्ये सगळी वाट उभं राहावं लागलं.