दोन ताडांचं वळण

ठकीला सायकल येते, पण मागे पाण्याचे दोन भरलेले कॅन असतील तरच. रिकामी सायकल तिला जुमानत नाही. हँडल लटपटतं, सायकल बांधाकडे वळते आणि ठकी बांधावर जाऊन बसते. हसू आलं असेल तर आधी पोशेऱ्याच्या पाड्यावर एक उन्हाळा काढा, मग खुशाल हसा. मुलीला शाळेतून मिळालेली जांभळी सायकल घरात पडून होती, विहीर लांब होती आणि हंड्यांनी मान मोडून चालली होती. चाळिशीच्या ठकीनं कॅरिअरला दोन्ही बाजूंनी कॅन बांधले आणि चढली. वजनासकट शिकली, म्हणून वजनाशिवाय येत नाही. सरळ हिशेब आहे.

तिचा नवरा येसू मोखाड्याच्या बाजारात चिंचेखाली पंक्चर काढतो. मागच्या हिवाळ्यात नाशिककडून आलेलं एक जोडपं चेन तुटली म्हणून त्याच्यापाशी थांबलं. दोघं सायकलवरून निघालेली, आधी समुद्र गाठायचा आणि मग किनाऱ्याकिनाऱ्यानं गोव्यापर्यंत जायचं. येसूनं चेन जोडली, पण डोकं काही पुन्हा ठिकाणावर आलं नाही. पुढच्याच बाजाराच्या दिवशी त्यानं चारचौघांत सांगून टाकलं, "आम्ही दोघं जाणार. केळव्याहून झाईपर्यंत, समुद्राच्या कडेकडेनं. राज्याच्या टोकाला हात लावून येणार."

"आणि ठकी? कॅन घेऊन येणार?" कुणीतरी विचारलं.

"येईल की," येसू म्हणाला. घरी मात्र त्यानं दोन दिवस विषय काढला नाही, कारण ती नाही म्हणणार याची त्याला खात्री होती.

ठकीनं एका दमात होकार दिला. "पण मी थांब म्हटलं की थांबायचं. कुठं, कशाला, काय नाय विचारायचं."

तिला कशासाठी थांबायचं होतं, ते त्याला माहीत होतं. वीस वर्षांपूर्वी ही दोघं दर दिवाळीनंतर मुकादमाच्या ट्रकमधून बोर्डीपलीकडच्या वीटभट्टीवर जायची. बोचक्यांवर बसायचं, वारा लागतो म्हणून केबिनला पाठ टेकायची. डहाणू सोडल्यावर एका वळणाशी समुद्र अगदी रस्त्याला येऊन टेकायचा. तिथं दोन ताड एकमेकांवर रेललेले होते, कैचीसारखे, आणि त्यांच्या मधून पाणीच पाणी दिसायचं. त्यांची मुलगी दिपिका तेव्हा तीन वर्षांची. तिनं जन्मात एवढं पाणी पाहिलेलं नव्हतं. ती उभीच राहिली. "आई, उतरू! तिथं उतरू!"

ठकीनं केबिनवर थापा मारल्या. पण तो मुकादमाचा ट्रक, भट्टीवर थांबायचा, नाहीतर बिघडल्यावर. पोर भट्टीपर्यंत रडत गेली. "पुढच्या खेपेला उतरू," ठकी तिला म्हणाली, "मी नेईन तुला." पुढच्या खेपेलाही ट्रक थांबला नाही. भट्टी आतल्या बाजूला, सुट्टीचा अर्धा दिवस धुण्यात आणि बाजारात जायचा. मग दिपिका शाळेसाठी आजीपाशी राहिली आणि तो शब्द तसाच राहून गेला. आता दिपिका नर्स झाली आहे, दिवाळीपासून डहाणूला नोकरीला आहे, पण ठकीच्या मनातून ते वळण गेलं नाही.

निघाले एकदाचे माघात. जव्हारचा उतार ठकी दोन्ही ब्रेक दाबून उतरली आणि खाली आल्यावर म्हणाली, ट्रक बरा होता. केळव्याला समुद्र दिसला. तिथून पुढं येसूची चांगलीच पंचाईत झाली, कारण ठकी सारखी थांबायची. मिठागर दिसलं, थांब. बोंबील सुकत घातलेले दिसले, थांब, आणि त्या कोळणीला विचार की कावळे कसे हाकलता. नळ दिसला की कॅन वरपर्यंत भरून घ्यायचे. चिंचणीला एक बाई म्हणाली, "रस्ताभर नळ आहेत, काकू."

"असू दे," ठकी म्हणाली. "बंद व्हायला काय वेळ लागतो?"

येसूनं बाजारात चार दिवस सांगितले होते, इथं चौथा दिवस डहाणूतच उजाडला. दिपिकाकडे मुक्काम झाला, पण ठकीनं तिला वळणाचं काही सांगितलं नाही. आधी सापडू दे, मग बोलावू.

नरपडपासून ती एकेका वळणाला सायकल हळू करायची. "ह्ये नाय." पुढचं वळण. "ह्येपण नाय." चिखले गेलं, घोलवड गेलं. ताड पुष्कळ होते, पण सगळे आपापले सरळ उभे. बोर्डीची पाटी दिसली तेव्हा तिचं तोंड उतरलं.

"पडले असतील," येसू हळूच म्हणाला. "वीस वर्षं झाली. झाडं ती. चल, झाई आता जवळच आहे."

"मी तिला सांगितलेलं, नेईन म्हणून," ठकी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते लपवतही नव्हती. तिनं पायडल मारलं. चार हात गेली असेल-नसेल, तोच खड्ड्यात चाक आदळलं, कॅन बांधलेली सायकलची ट्यूब सुटली आणि एक कॅन गडगडत मागे गेला. एका बाजूचं वजन गेल्यावर ठकी काय टिकते? सायकल आडवी झाली. झाकण उडालं तर पाणी जाईल म्हणून ती उठली ती थेट मागे वळून कॅनच्या दिशेनं धावली, आणि मध्येच थांबली.

समोर दोन ताड होते, एकमेकांवर रेललेले, कैचीसारखे. मधून पाणीच पाणी.

आत्ताच ती त्यांच्याजवळून गेली होती. डहाणूकडून येताना एकाच्या मागे दुसरा झाकला जात होता, सरळ एकच ताड दिसत होता. आणि ट्रकमध्ये तर ती दर खेपेला केबिनला पाठ लावून बसलेली. सगळा रस्ता तिनं उलटाच पाहिला होता.

"आपण मागं बघत जायचो," ती येसूला म्हणाली आणि हसत सुटली. "आणि मी येडी पुढं शोधते."

येसूनं फोन लावला. दिपिकाची सुट्टी होती, तासाभरात ती रिक्षातून उतरली. आईचा खरचटलेला कोपर तिनं आधी पाहिला, मग ताडांकडे पाहिलं.

"तुला कुठलं आठवणार," ठकी म्हणाली. "तू तर समुद्र रोजच बघत असशील."

"बघते. मैत्रिणी पाण्यात जातात, मी वाळूवर बसते. त्या हसतात मला." दिपिकानं चपला काढल्या. "ट्रक नाही आठवत गं. तू नेणार होतीस, ते आठवतं."

मग ठकीनं तिचा हात धरला आणि तिघं पाण्यात गेली. लाटेनं येसूची टोपी नेली, ती आणायला तो गुडघाभर पाण्यात पळाला. ठकीनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. "एवढं पाणी, आणि एक हंडा कामाचा नाय!"

वर आल्यावर दिपिकाच्या पायांना वाळू चिकटली होती, खारं पाणी अंगावर चरचरत होतं. पाड्यावर तांब्याभर पाणी सांडलं तरी घर डोक्यावर घेणाऱ्या ठकीनं कॅनचं झाकण उघडलं आणि तिच्या पायांवर पाणी ओतायला लागली. बोटांच्या बेचक्यांतून हात फिरवत, तीन वर्षांच्या पोरीचे धुवावेत तसे. एक कॅन संपला. तिनं दुसरा उघडला.

"अगं, राहू दे," येसू म्हणाला. "झाईपर्यंत कशी येशील मग?"

"येईन," ठकी म्हणाली.

आणि आली. रिकाम्या सायकलवरून, थेट टोकापर्यंत. वाटेत दोनदा पडली असं येसू बाजारात सांगतो. ठकी म्हणते, एकदाच.