गाठी कोण बदलतं

राहुरीजवळच्या वस्तीवर आमच्या घरात आम्ही दोन सुना. मी थोरली. सकाळी गावातल्या अंगणवाडीवर जाते, दुपारी परत येते. धाकटी जाऊ घर आणि गोठा बघते. दोघींचे नवरे सकाळीच बाहेर पडतात ते रात्री येतात. सासूबाई गेल्यापासून सासरे ओट्यावरच्या बाजेवर बसून असतात. त्यांना आम्ही दोघी मामा म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी नेवाशाच्या माझ्या बहिणीच्या मुलीचा साखरपुडा ठरला. तिनं मोबाईलवर एका हाराचा फोटो पाठवला. जाड सुती दोरीला गाठी मारून केलेला, छातीभर पसरलेला हार, मधे तीन मोठे लाकडी मणी. "मावशी, मला असला हार तुझ्या हातचा पाहिजे," म्हणाली. मी बाजारातून मोरपंखी दोरी आणली, व्हिडिओ बघून गाठी शिकले आणि खोलीतल्या खिडकीच्या गजाला दोरी अडकवून रोज संध्याकाळी थोडं थोडं करू लागले.

पाचव्या दिवशी हार हातात घेतला आणि काहीतरी वेगळं लागलं. माझी गाठ जरा सैल बसते, माझ्या हातात तेवढी ओढ नाही. शेवटच्या दोन ओळी मात्र दगडासारख्या घट्ट होत्या.

"माझ्या खोलीत कोणी गेलं होतं का?" मी धाकटीला विचारलं.

"केर काढाया मीच जाते की रोज. का वो ताई?"

"सहज."

दुसऱ्या दिवशी कामाला जाण्याआधी मी हाराचा फोटो काढून ठेवला. दुपारी ताडून पाहिलं. आणखी एक ओळ बदलली होती. मग मी हार कपाटावर, जुन्या बॅगेमागे लपवला. तिथंही तेच.

आता मला धाकटीच्या सगळ्या वागण्यात खोट दिसू लागली. आठवड्यापूर्वी तिनं थोडी दोरी मागितली होती आणि मोजकीच आहे म्हणून मी नाही म्हटलं होतं. तिला ते लागलं असणार. मी आले की ती माहेरचा फोन आवरता घ्यायची. भाकरी थापताना गुणगुणायची, मला बघून थांबायची. आधीही हे असंच असेल, पण आधी मी बघत नव्हते.

शनिवारी मी तिच्यासमोर मोबाईल धरला. "हे काल, हे आज. तूच सांग आता."

तिनं दोन्ही फोटो नीट बघितले. "ताई, मला असल्या गाठी येत असत्या तर तुमच्या कशाला सोडत बसले असते? माझाच हार केला असता."

तेही मला तिचं हुशारीनं दिलेलं उत्तरच वाटलं. "घरात दुसरं आहे कोण?" मी म्हटलं. तिनं परातीतलं पीठ तसंच ठेवलं आणि गोठ्यात निघून गेली.

सोमवारी अंगणवाडीच्या कामाची बैठक होती, ती रद्द झाली आणि मी अकरालाच घरी आले. रस्त्यावरूनच धाकटी दिसली, जनावरांसाठी घास कापत होती. ओट्यावरची बाज रिकामी होती. खोलीचं दार लोटलेलं.

आत मामा जमिनीवर पाय पसरून बसले होते. हाराचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलेलं, दुसरं दोन्ही हातांत. मला बघूनही त्यांनी हार सोडला नाही.

"मामा, काय करताय?"

"ही गाठ न्हाई टिकायची," ते म्हणाले. "वढ बसली का सुटती. चार मानसांत पोरीच्या गळ्यातलं मनी घरंगळलं तर?"

बैल विकून ट्रॅक्टर घेईपर्यंत जनावरांच्या गळ्यातली दावी, तोंडाला बांधायच्या म्होरक्या, सगळं दोरकाम मामाच करायचे. हे मला ठाऊक होतं, पण त्या हातांकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

"मला सांगायचं ना."

"सुनंच्या खोलीत गेल्तो म्हनून सांगू? आनि तू त्या मोबाईलमधल्या बाईचं ऐकती. माझं ऐकली असती व्हय?"

"मी धाकटीवर आळ घेतला, मामा."

"ठाव हाय. ओट्यावर समदं ऐकू येतं."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

ते अंगठ्यातली दोरी सोडवत राहिले.

मी तशीच रानात गेले आणि धाकटीला सगळं सांगितलं, चुकले म्हणाले. ती घास कापायची थांबली नाही. पेंढी बांधून झाल्यावर म्हणाली, "मामाबी घरातच हुते की. त्यांच्यावर न्हाई आला तुमाला संशय. माझ्यावरच आला."

मी घरी परत आले.

उरलेला हार मामांनी आणि मी मिळून केला. मी फोटो धरायची, ते गाठ ओढायचे. साखरपुड्यात बायका भाचीच्या गळ्याला हात लावून विचारत होत्या, कुठून घेतला. धाकटीही आली होती. हार छान झालाय म्हणाली, पण भाचीला, मला नाही.

आता आम्ही बोलतो, एका चुलीवर स्वयंपाक करतो. फक्त त्या महिन्यात तिनं आपल्या कपाटाला कुलूप लावलं, ते अजून आहे. वाळलेले कपडे ठेवायला मी तिच्या खोलीत गेले की ती हातातलं काम टाकून मागोमाग येते आणि मी बाहेर पडेपर्यंत दारात उभी राहते.