ठमी चोगलेची दोन दारांची गाडी

ठमी चोगलेची सात माणसांची जीप विकली गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी अख्खा कोळीवाडा तिच्या दारात येऊन विचारून गेला, "नवी कवा घेतंस?" विचारण्यात माया होती आणि घाईही होती. कुणाची लेक बाळंतपणाला आलेली, कुणाच्या घरात लगीन ठरलेलं. शेजारच्या दत्तात्रेय म्हाताऱ्याला तर तळा गावाहून एक बोकड आणायचा होता. तो म्हणाला, "या टायमाला सीट जरा मजबूत बघ गो. मागल्या येलंला बोकडानं खाल्ली, तुझाच नुसकान झाला."

"माझा न्हाय, बोकडाचा झाला. दोन दिस हगला त्यो," ठमी म्हणाली आणि जाळं झटकायला मागल्या अंगणात निघून गेली. नवी गाडी कोणती ते मात्र अजून तिलाही ठाऊक नव्हतं.

ठमी चोपन्न वर्षांची. दिघीच्या खाडीत होड्या लागल्या की धक्क्यावर उभी राहून मासळी घ्यायची, बर्फात भरायची, आणि फेरीबोटीनं पलीकडे आगरदांड्याला उतरवून मुरूडपासून नागावपर्यंतच्या घरगुती हॉटेलांना पोचवायची, हा तिचा धंदा. मासळीचा टेंपो तिचा मुलगा अल्पेश चालवायचा. ठमी मागून जीप घेऊन जायची, कारण मासा टेंपोतून जातो पण धंदा तोंडानं होतो. कुठल्या बाईला सुरमईच्या तुकड्या जाड लागतात, कुठल्या मालकाला शिळी कोळंबी ओळखता येत नाही पण ओळखल्यासारखं करायला आवडतं, हे तिला पाठ होतं. शिळी तिनं त्याला कधी दिली नाही. पण त्याला वास घेऊन मान हलवू द्यायची, तेवढं ती करायची.

गाडी चालवायला ती पंचेचाळिसाव्या वर्षी शिकली. नवरा गेल्यावर तीन वर्षांनी. नऊ वर्षं जीप तिच्या दारात होती, आणि नऊ वर्षांत ती त्या जीपमध्ये एकटी एकदाही बसली नाही. गिअरजवळ कुणाचं तरी पोर, मानेमागं कुणाचा तरी श्वास, आणि कानात कुणाच्या तरी सासूचं गाऱ्हाणं. नाही म्हणायला ठमी भित्री होती असं नाही. लिलावात ती नाही म्हणाली की नाखव्याचा आवाज खाली यायचा. पण जागा रिकामी असताना माणसाला नको म्हणायचं, हे कोळ्याच्या जातीत बसत नाही. होडीत जागा असताना काठावरच्या माणसाला सोडून कोण जातं? जीपही तशीच. सात जागा म्हणजे सात माणसं. कधी अकरा.

मग मार्गशीर्षात एके दिवशी नागावला, नारळीच्या वाडीतल्या एका घरगुती हॉटेलात पापलेटं टाकायला गेली असताना, तिनं ती गाडी पाहिली.

बुटकी, लांब, जमिनीला पोट टेकून बसलेली. रंग थेट ताज्या बांगड्याच्या पाठीचा, निळ्यात हिरवा आणि वर काळसर झाक. दारं दोनच. मागं सीट नाही, एखादी पिशवी मावेल एवढी फट. ठमी पापलेटं ओट्यावर टाकून गाडीभोवती दोनदा फिरली, जसं लिलावात घोळ मासा बघत फिरतात तसं, कल्ल्याकडून शेपटीकडं.

गाडी पुण्याच्या निकेतची. सुट्टीला आलेला, तोंडावर विकायच्या गाडीचं दुःख. बायकोला सातवा महिना होता, आणि बाळाची खुर्ची या गाडीत बसत नव्हती.

"बसून बघता का काकी?" त्यानं विचारलं.

ठमी बसली म्हणजे जवळपास उतरली. इतकी खाली, की वाटलं होडीच्या तळाशी बसलोय. दार लावलं आणि बाहेरचा कोंबडा, पंप, मालकिणीची हाक, सगळं एकदम बंद. तिनं बाजूला पाहिलं. एक सीट. मागं पाहिलं. काहीच नाही.

"हिच्यात दोनच मानसं?"

"दोनच, काकी. तोच तर प्रॉब्लेम आहे."

"तुझा," ठमी म्हणाली.

घरी अल्पेशनं मोबाईलवर फोटो पाहिला आणि आईकडे अशा नजरेनं पाहिलं, की तिला ताप आहे की काय.

"आये, ही कूपे गाडी हाय. ही हिरो लोकांची."

"मग? मी काय व्हिलन हाय?"

"रोज वापरायची गाडी न्हाय ही. कधीमधी फिरायची. उद्या कुनाला दवाखान्यात न्यायचा झाला तर?"

"टेंपो हाय की तुझा. आनी एकशेआठची गाडी येते, तिच्यात झोपायला सरकारनं पलंग दिलाय. नऊ वरसं मीच एकशेआठ होते."

"लोक काय बोलतील?"

"लोकांना बसायला मिलनार न्हाय, म्हनून बोलतील."

अल्पेश वाईट मुलगा नव्हता, हिशेबी होता. त्यानं तोंडानं हरल्यावर गाडीच्या पोटाकडे बोट दाखवलं. जमिनीपासून चार बोटं. "रोज फेरीबोटीत चढवनार हीस? भरतीला ठीक. बोट वर असते, तिचा लोखंडी दार धक्क्याला सपाट बसतो. पन ओहोटीला? बोट खाली, दार आनी धक्का यांच्यात कोनाडा पडतो. जीपला काय वाटत न्हाय. हिचा पोट फाटंल."

रात्रभर ठमीनं कूस बदलली आणि सकाळी निकेतला फोन लावला.

"घेन. पन आदी माज्या बोटीत चढली पायजे. अमावास्येला ये, सांजच्या पाच-साडेपाचला. भरतीला यायचा न्हाय. त्या दिवशी खाडी साफ तळाला जाते. वाईटात वाईट ओहोटीला चढली तर घेन, न्हाय तर तुझी तू ने."

निकेतला तिथी बघायला सासूला फोन करावा लागला. पण आला.

त्या संध्याकाळी दिघीच्या धक्क्यावर जत्रा भरली. ठमीनं कुणाला बोलावलं नव्हतं. कोळीवाड्यात बोलवावं लागत नाही. पाणी इतकं उतरलं होतं की धक्क्याचा हिरवा शेवाळलेला खालचा भाग उघडा पडला होता, आणि बोट जणू विहिरीत उभी होती. ठमीनं पदर खोचला, चप्पल काढून मागच्या फटीत टाकली, आणि अनवाणी पायानं गाडी सुरू केली. गाडी घुमली तशी पोरंबाळं टाळ्या पिटायला लागली.

"तिरकी घे, काकी, तिरकी!" शेजारच्या सीटवरून निकेत म्हणाला, आणि त्यानं डोळे मिटले.

ठमीनं तिरकी घेतली. पुढची चाकं लोखंडी दारावर गेली. मग पोटाखालून जो आवाज आला, तो मासा कापताना सुरी मणक्याला लागावी तसा. गाडी मध्येच टेकली. मागची चाकं शेवाळावर गरागरा फिरायला लागली. ना पुढं, ना मागं.

"अडकली रं!" दत्तात्रेय म्हातारा ओरडला, आणि त्या आवाजात दुःख फारसं नव्हतं.

पण अडकलेली वस्तू बघत उभं राहायचं हेही कोळ्याला जमत नाही. बोलताबोलता कुणी होडी ओढायच्या लाकडी फळ्या आणल्या, त्यांना माशाचं तेल चोपडलेलंच होतं. दोन फळ्या चाकांखाली गेल्या, आठ-दहा माणसं मागं लागली, आणि बायका कमरेवर हात ठेवून दम द्यायला लागल्या. "हैश्या! अरं, जोर कोन लावतंय, जावई हाय का त्यो तुमचा? हैश्या!" तिसऱ्या हैश्याला पुण्याची गाडी एखाद्या होडीसारखी बोटीत सरकली. निकेतनं डोळे उघडले. गाडीच्या पाठीवर दहा तेलकट पंजे उमटले होते.

बोट सुटली. खाडीच्या मध्यावर ठमी गाडीतून उतरली, वाकून पोट पाहिलं. एक लांब ओरखडा, बाकी काही नाही. पण तिनं बोटीत सोबत आलेल्या अल्पेशला सांगितलं, "तू जिंकलास. रोज धा मानसं बोलवून चढवायची गाडी मना नको. एकटीला मिलावी म्हनून बघत होते, हिला तर जीपपेक्षा जास्त मानसं लागतात."

अल्पेशला जिंकल्याचं समाधान वाटायला हवं होतं. तो नुसताच पाण्याकडे बघत राहिला.

आगरदांड्याला फरिदा उभी होती. फरिदा आणि ठमी एका बाकावर शिकलेल्या. ठमी सातवीपर्यंत, फरिदा दहावीपर्यंत, आणि हे फरिदा आजही काढते. नवरा कुवेतला, दोन्ही मुलं दुबईला, आणि घर धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. गाडी बघायला म्हणून ती नवी ओढणी घेऊन आली होती. पलीकडे बोटीचं दार सपाट बसावं म्हणून खलाशांनी त्याच दोन फळ्या टाकल्या, गाडी वर आली, आणि ठमीनं काच खाली करून सांगितलं, "बघून घे. परत चालली."

"तौबा! कशाला?"

ठमीनं ओरखड्याची, फळ्यांची, दहा माणसांची सगळी हकिगत सांगितली. फरिदानं सगळं ऐकून घेतलं, गाडीचं दार उघडून आत बसली, काच वर-खाली करून पाहिली, आणि मग शांतपणे विचारलं,

"ठमे, तू ओहोटीला इकडं आलीस कवा?"

"म्हंजे?"

"मी वीस वर्षं खिडकीतून तुझी बोट बघते गं. होड्या भरतीच्या पाण्यावर खाडीत शिरतात. तू मासळी घेतेस, भरतेस, आणि भरलेल्या पाण्यातच इकडं येतेस. ओहोटीला कोणती होडी आली आणि तू कोणती मासळी घेतलीस?"

अल्पेशनं डोकं खाजवलं. जन्मापासून पाण्याच्या वेळेवर जगणारी दोन माणसं, आणि गाडीच्या नादात पाण्याची वेळच विसरून बसली होती. आजसुद्धा वाईटात वाईट वेळ शोधून, तिथी काढून, तिनंच गाडी खड्ड्यात नेली होती. ठमी हसायला लागली. आधी तोंडातल्या तोंडात, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मुडद्या," ती अल्पेशला म्हणाली, "तुना तरी कलायला नको?"

"मना कलला व्हता... म्हंजे आता कलला," अल्पेश म्हणाला. पण हिशेबी माणूस तो, लगेच त्याच्या डोक्यात पुढचं आलं. "जायचा झाला भरतीला. पन परत? नागाव करून इकडं येशील तवा पानी उतरलेला असंल. टेंपो चढंल, ही चढनार न्हाय. पानी भरंस्तोवर दोन-अडीच तास इथंच अडकून पडशील. रोज!"

"रोज?" ठमीनं विचारलं.

"रोज!"

"दोन-अडीच तास?"

"व्हय तर! घरी यायलाच मिलनार न्हाय तुना!"

ठमीनं फरिदाकडे पाहिलं. फरिदानं ठमीकडे पाहिलं. अल्पेशला आपण काय बोलून बसलो ते कळलं, पण तोपर्यंत ठमी निकेतकडे वळली होती.

"कागद आनलेस का रं बाबा?"

तर अशी ती गाडी आली. ओरखडा निकेतनं स्वतःच्या हिशेबात दुरुस्त करून देतो म्हटलं. ठमी म्हणाली राहू दे, मासा जाळ्यात आल्याची खूण असते.

कोळीवाड्यात पहिला आठवडा बोलणी झाली. दुसऱ्या आठवड्यात लोकांनी त्या एका सीटवरून भांडायला सुरुवात केली. दत्तात्रेय म्हाताऱ्याची सून आणि तिची जाऊ, दोघींना मुरूडला जायचं होतं. ठमी म्हणाली, "एक जागा हाय. कोन येतंय ता ठरवा." त्या ठरवत राहिल्या, पाणी उतरायला लागलं, आणि ठमी एकटीच बोटीत चढून गेली. त्या दिवसापासून तिच्याकडे मागणं आलं की आधी मागणाऱ्यांच्याच घरात भांडण होतं. म्हाताऱ्याचा बोकड टेंपोनं आला आणि त्यानं बर्फाची पेटी चाटली.

आणि परतीच्या वाटेवरचे ते दोन-अडीच तास. पाण्याची वेळ रोज पाऊण तासानं पुढं सरकते, तसे तेही सरकतात. कधी दुपारी, कधी उन्हं उतरताना. घरून फोन येतो, "आये, कय हाय तू?" ठमी म्हणते, "ओहोटी हाय." यावर कुणाला काही बोलता येत नाही. माणसाशी भांडता येतं, सासूशी येतं, ग्रामपंचायतीशी येतं. ओहोटीशी काय भांडणार? कधी ती सीट मागं पाडून झोपते, तोंड उघडं टाकून, कुणी बघत नाही. कधी फरिदा बाजूला बसते आणि दोघी मुरूडच्या रस्त्यावर, डोंगर आणि समुद्राच्या मधल्या वळणांवर गाडी सोडतात. फरिदा ओरडते, "हळू गं बाई, मला हजला जायचंय अजून!" आणि लगेच म्हणते, "त्या बसच्या पुढं घे ना, काय धूर ओकतेय."

परवा एकदा दोघी आगरदांड्याच्या धक्क्याच्या वर, गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून फरिदाच्या हातची वाफवलेली सांदणं खात बसल्या होत्या. पाणी चढत होतं. बोटीवरच्या खलाशानं खालून दोन्ही हात वर करून हाक मारली, "ठमाबाय! झाला बरोबर पानी! सपाट बसला दार! ये आता!"

ठमीनं खाली पाहिलं. खरंच बसलं होतं, पाट मांडावा तसं. तिनं सांदणाचा उरलेला अर्धा तुकडा तोंडात टाकला, बोटं चाटली, आणि भरल्या तोंडानं ओरडली,

"तू जा रं! मी फुडल्या बोटीनं येते!"