काहून थांबला गा?

राजापेठेतल्या क्लासमध्ये मी दहावीच्या पोरांना समीकरणं शिकवत होते, तेव्हा मंदावहिनींचा फोन आला. "शुभा, हे गेले..." सुधाकरदादा, आमच्या बँडचे बेस गिटारवाले, रेल्वेतून निवृत्त झालेले, महाहट्टी. छातीत कळ आली आणि तासाभरात सगळं आटोपलं. मला आधी रागच आला. कार्यक्रम संपला की न सांगता निघून जायची त्यांची खोड जुनीच होती.

लग्नांच्या ऑर्केस्ट्रात आयुष्य गेलेल्या या माणसाला वेड फंकचं, बेसच्या ठेक्यावर नाचवणाऱ्या त्या अमेरिकी संगीताचं. बडनेऱ्याच्या घरी, ऐन मे महिन्यात, आम्ही आमचं वऱ्हाडी फंक गाणं रेकॉर्ड केलं. माइकमध्ये घरघर जाते म्हणून कूलर बंद. वहिनी दारातून ओरडायच्या, "माणसं उकडून काढता का जी?" गाण्यात ऐन रंगात सगळी वाद्यं गप्प होतात. त्या शांततेत मी विचारते, "काहून थांबला गा?" मग दादांचा बेस धपकन येतो. त्या रिकाम्या जागेत त्यांचा जीव अडकलेला होता.

अकोल्याच्या स्टुडिओत गाण्यावर शेवटचा हात फिरवत होतो, तेव्हा ते बाजारात आणणाऱ्या मुंबईच्या कंपनीचा फोन आला. "तिथं गाणं बंद पडल्यासारखं वाटतं. टाळ्या भरा, नाहीतर आम्ही घेत नाही. संध्याकाळपर्यंत कळवा." दादांनी संध्याकाळची वाट पाहिलीच नाही. "नका घेऊ," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी भडकले. इतकी वर्षं दुसऱ्यांची गाणी गायल्यावर माझं स्वतःचं पहिलं गाणं दाराशी आलं होतं, आणि हे दार लावून मोकळे! "दादा, एवढ्याशा जागेपायी?"

"थे जागा भरली त मंग गाणं कायचं? नाचणाऱ्याचा पाय वरतंच राह्यला पाह्यजे."

 परतीच्या गाडीत मी सारखी फोनकडे पाहत होते. मूर्तिजापूर गेलं आणि कंपनीचा फोन आला. "ठीक आहे, राहू द्या. पण चाललं नाही तर आम्हाला सांगू नका."

आणि चाललंच नाही. रोज सकाळी मी लोकप्रिय मराठी गाण्यांची यादी पाहायची, गाणं कुठेच नसायचं. दादांकडे जाणं टाळायची; त्यांना तोंड दाखवायचं नव्हतं, की त्यांचं पाहायचं नव्हतं, कोण जाणे. मग राजापेठेत एका वरातीत डीजेने ते लावलं. ती जागा आली आणि अख्खी वरात एका पायावर थांबली... मागे खोळंबलेले स्कूटरवाले ओरडले, "काहून थांबला गा?" कोणीतरी ते मोबाइलवर टिपलं आणि बघता बघता गाणं मराठी यादीत पहिलं. मी पेढे घेऊन धावत गेले. दादा म्हणाले, "आता यादीत खाली येईल थे. पण लोक थांबले ना?"

परवा बडनेऱ्याला गेले. बेस कोपऱ्यात भिंतीला टेकलेला. मी फोनवर गाणं लावलं, तशा वहिनी न सांगता उठल्या आणि त्यांनी कूलर बंद केला. दोघी घामाघूम होऊन ऐकत बसलो. ती जागा आली. फोनमधून माझा आवाज यायच्या आत, कोपऱ्याकडे बघत वहिनीच बोलल्या,

"काहून थांबले जी?"