कमरेला विसरलेलं लाकूड

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. झुरळ दिसलं की बायकोला हाक मारणारा मी, आणि सिंगापूरमध्ये राहून रोज कमरेला लावता येईल असं छोटं पिस्तूल निवडत होतो. ज्या देशात बंदुकीची एक गोळी खिशात सापडली तरी माणूस आयुष्यातून उठतो, त्या देशात.

कारण असं की कंपनी मला तीन वर्षांसाठी टेक्ससच्या रिफायनरीत पाठवणार होती. जुरोंग आयलंड या सिंगापूरच्याच कारखान्यांच्या बेटावरच्या आमच्या प्लांटमध्ये त्या जागेसाठी सगळेच टपून बसले होते आणि माझं नाव जवळजवळ नक्की झालं होतं. तिकडून परतलेल्या एका सहकाऱ्याने कॅन्टीनमध्ये सांगितलं की पेट्रोल पंपावर त्याच्या कपाळाला पिस्तूल लावून गाडी नेली. "तिकडे सगळेच बाळगतात," तो म्हणाला. माझी मुलगी सहा वर्षांची होती. त्या दिवसापासून मी इंटरनेटवर वाचत सुटलो.

इंजिनिअरला एखादी गोष्ट निवडायला दिली की तो तिचा प्रकल्प करतो. नळी चार इंचांची की साडेतीन, जाडी किती, वजन किती, बसल्यावर टोचतं का, वाकल्यावर शर्टवर उमटतं का. नळी पँटच्या आत लपून जाते, उघडं पाडते ती मूठ, हेही मला कळलं. एका पठ्ठ्याने लिहिलं होतं की दिवसभर लावून हिंडलात आणि लावलंय हेच विसरलात, तर समजा पिस्तूल बरोबर निवडलंत. हे वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. खरं पिस्तूल हातात धरायची सोय नव्हती, म्हणून मी बिशानच्या आमच्या ब्लॉकखालच्या हार्डवेअरच्या दुकानातून फळी आणली आणि मापाबरहुकूम दोन लाकडी पिस्तुलं कापली. वजन यावं म्हणून आत भोकं पाडून मासेमारीच्या गळाला लावतात ते शिशाचे गोळे भरले आणि वरून काळी टेप गुंडाळली. बायको म्हणाली, "आधी झुरळ मारायला शिक."

त्याच महिन्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे राहायला आले होते. अण्णा पोलिसात शिपाई म्हणून लागले आणि फौजदार म्हणून निवृत्त झाले. चौतीस वर्षांत एक ठपका नाही. निवृत्तीचं ओळखपत्र ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवत, अगदी सकाळी खालच्या बागेत फिरायला जातानासुद्धा. तिथले चिनी म्हातारे त्यांना हात करत, तेव्हा ते खिशावरून एकदा हात फिरवून मग नमस्कार करत. मला त्याचं हसू यायचं.

माझी लाकडं पाहून ते म्हणाले, "कशाला रे हे? ड्यूटी संपली की मी रिव्हॉल्व्हर जमा करायचो, तेव्हा कुठं जेवण जायचं." मी त्यांना टेक्सस समजावून सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. पण पोराने हौसेने केलेली वस्तू त्यांनी हातात घेतली, तोलली आणि म्हणाले, "मूठ लांब झालीय." दुपारभर गॅलरीत बसून त्यांनी कानशीने ती मूठ घासून दिली. त्यानंतर ती शर्टवर उमटेना.

मग मी परीक्षा सुरू केली. लायब्ररीत, भाजी आणताना, हॉकर सेंटरमध्ये खाण्याच्या गाळ्यांसमोर रांगेत उभं राहताना, कमरेला ते लाकूड. लोकांच्या कपड्यांखाली काय फुगलंय हे बघायची मला सवयच लागली. छाती जरा पुढे काढून चालायला लागलो होतो, हे लिहितानाही मला लाज वाटते.

एका मंगळवारी सकाळी अण्णांसाठी दूध आणायला ते लावून खाली गेलो, परत आलो, चहा घेतला आणि तसाच कंपनीच्या बसमध्ये जाऊन बसलो. मी ते विसरलो होतो. पिस्तूल बरोबर निवडलं होतं.

आयलंडच्या पुलाआधी चेकपॉइंट आहे. एरवी पास दाखवला की पुढे. त्या दिवशी एकेकाला उतरवून हातातल्या यंत्राने तपासत होते. माझ्या कमरेपाशी यंत्र वाजलं आणि मला आठवलं. पुढचं मिनिट मला सांगता येणार नाही. खरी बंदूक असलेले दोघे माझ्या दोन बाजूंना उभे होते आणि बसमधली सगळी तोंडं काचेला लागली होती.

आतल्या खोलीत टेप सोलून काढल्यावर ते लाकूडच आहे हे त्यांना कळलं. एक तरुण मलय अधिकारी, अगदी शांतपणे, विचारू लागला की हे काय आहे आणि कोणी केलं. खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण ती वाक्यं कंपनीत पोचली असती, पास गेला असता, टेक्सस गेलं असतं. मी म्हणालो, "माझ्या वडिलांनी केलंय. नातीसाठी खेळणं. चुकून माझ्याकडे राहिलं." मूठ त्यांनीच घासली होती ना, असं मी मनातल्या मनात म्हणत होतो. इतका हलकटपणा माझ्यात आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

अधिकारी म्हणाला, वडिलांना बोलवा.

बायको त्यांना टॅक्सीने घेऊन आली. अण्णांनी इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बूट घातले होते. मुलगा अडचणीत आहे एवढंच त्यांना कळलं होतं. आत येताच त्यांचा हात वरच्या खिशाकडे गेला आणि ओळखपत्र अर्धं बाहेर आलं. पोलिसाने पोलिसाशी बोलावं तसं ते बोलणार होते.

"अंकल, यू मेक धिस?" अधिकाऱ्याने टेबलावरच्या लाकडाकडे बोट दाखवलं.

अण्णांना इंग्रजी फारसं येत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अधिकारी मला म्हणाला, तुमच्या भाषेत विचारा. त्या खोलीत मराठी कळणारे आम्ही दोघंच होतो, बायकोला बाहेर बसवलं होतं. मी म्हणालो, "अण्णा, नातीसाठी खेळणं केलं होतं, असं सांगा. नाहीतर माझी नोकरी जाईल."

त्यांनी आयुष्यभर समोर बसलेल्या माणसांचे जबाब घेतले होते. मी काय केलंय हे कळायला त्यांना क्षणही लागला नाही. अर्धं बाहेर आलेलं ओळखपत्र त्यांनी बोटाने परत आत ढकललं.

"येस," ते म्हणाले. "आय मेक. फॉर बेबी. माय मिस्टेक, सर."

तो 'सर' माझ्यापेक्षाही वयाने लहान होता.

जबाब मी इंग्रजीत सांगत गेलो, तो लिहीत गेला. व्यवसायाचा रकाना आला तेव्हा मी म्हणालो, "रिटायर्ड..." आणि अण्णांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "पोलीस लिहू देऊ नकोस," ते म्हणाले. "शेतकरी सांग." मी शेतकरी सांगितलं. त्यांनी सही केली. असली वस्तू पुन्हा करू नका, अशी समज देऊन अधिकाऱ्याने आम्हाला सोडलं. लाकूड त्यांनी ठेवून घेतलं. घरी जाऊन दुसरं मी केरात टाकलं.

कंपनीला कळलं ते एवढंच, की म्हाताऱ्या वडिलांनी खेळणं केलं होतं. बसमध्ये चार दिवस लोक हसले. आम्ही टेक्ससला गेलो. तिथे गेल्यावर समजलं की माझ्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला साधारणपणे पिस्तूल विकत घेताच येत नाही. इतकं वाचूनही हे वाचलं नव्हतं. तीन वर्षांत मला कोणी धक्कासुद्धा मारला नाही.

अण्णांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. मीही माफी मागितली नाही, आज मागेन, उद्या मागेन करत त्यांचा परतीचा दिवस आला. पण मला कळायचं ते त्या जबाबाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी कळलं होतं. ते फिरायला निघाले आणि मी दार उघडून उभा होतो. कपड्यांखाली काय आहे हे बघायची सवय अजून गेली नव्हती. माझी नजर त्यांच्या शर्टावर गेली. वरचा खिसा सपाट होता.