साहेबाला पाजलेलं पाणी

जोएल साहेबाच्या कडेवर दुसऱ्याचं लेकरू होतं आणि चहाच्या टपरीवरची माणसं एकेक करून उठायला लागली होती. मी गाडीला टेकून बिडी पेटवत होतो. काडी तशीच फेकली.

जोएल फिलिपिन्सचा. आमच्या बुऱ्हाणपूरच्या शेठने केळी परदेशी पाठवायचं काम धरलं, तेव्हा त्याला बोलावून घेतलं होतं. त्याचं काम फ्रूट केअर. म्हणजे घड झाडावर असतानाच त्याला पिशवी घालायची, डाग पडू द्यायचा नाही. शेतकऱ्यांना तेच शिकवत तो शेतोशेती फिरायचा. मी त्याचा ड्रायव्हर. शाळा मी चौथीत सोडली, पण स्टेअरिंग कधी दुसऱ्याच्या हातात दिलं नाही. साहेबाला शेतावर न्यायचं आणि सुखरूप रूमवर आणून सोडायचं, ही माझी ड्यूटी.

घरी त्याला लहान मुलगी होती. इथे आल्यावर लेकरू दिसलं की थबकायचा. पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, "अंकल, बेबी टच, ओके?" मी म्हणालो, "ओके. इथे लेकरू सगळ्यांचं असतं." आजही मी हेच सांगेन.

पण त्या दिवसांत मोबाईलवर पोरं चोरणाऱ्यांचे व्हिडिओ फिरत होते. खरे की खोटे कोणी बघत नव्हतं. माझी सूनसुद्धा नातवाला ओट्यावर एकटं बसू देत नव्हती. भीती घरोघरी होती, गाव कसं सुटणार?

हे गाव तुकईथडच्या पुढचं. नाव लिहीत नाही. पोरगी बकरीमागे रस्त्यावर आली, जोएलने उचलली आणि मोबाईल काढून तिच्यासोबत फोटो घेतला. फोटो घेताना सगळ्यांनी बघितलं.

एक दांडगा पोऱ्या गाडीच्या बोनेटला पाठ लावून उभा राहिला. "ए बुढ्ढे, कुठले तुम्ही?"

"बुढ्ढा कोणाला म्हणतो रे? बुऱ्हाणपूरचे आम्ही."

"आणि हा चिनी?"

"चिनी नाही. फिलिपिन्सचा. केळीचा साहेब आहे."

फिलिपिन्स कोणाला माहीत? मागून आवाज आला, "त्या व्हिडिओतला असाच दिसत होता." लेकराची आई धावत आली, जोएलच्या हातातून पोरगी ओढून घेतली आणि रडायला लागली. तिचं रडणं ऐकून पलीकडच्या गल्लीतूनही माणसं आली. एकाच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता. जोएल हसून सगळ्यांना नमस्कार करत होता. त्याला अजून कळलंच नव्हतं.

मी शेठला फोन लावला. शेठ ओरडले, "काका, गाडी भगाओ! अभी के अभी!"

"नाही पळवणार."

"दिमाग खराब है क्या?"

मी फोन कापला. पोऱ्याला धक्का देऊन गाडी काढता आली असती. पण पळाला तो चोर. पुढच्या गावाला फोन गेला असता, तिथे रस्त्यावर बैलगाडी आडवी लावली असती. मग आम्हाला विचारणारंही कोणी नसतं.

मी जोएलचा दंड धरला आणि पोरगी ज्या घरात नेली त्या घराकडे चालायला लागलो. गर्दी मागून. पाठीत काही बसेल म्हणून मान आखडली होती. ओट्यावर एक म्हातारी बसलेली, पोरीची आजी. तिच्यासमोर बसलो, जोएलला शेजारी बसवला.

"माय, पाणी पाज."

म्हातारीने जोएलला खालून वर न्याहाळलं. मागे कोणीतरी दात-ओठ खात म्हणालं, "पाणी नाही, मार पाजा याले."

"माही बहीण आपल्याच भागात, इच्छापूरले देली आहे," मी म्हणालो. "मी काही वरून पडलो नाही. तहान लागली, पाणी मागितलं."

म्हातारी उठून माठाकडे गेली. माझा जीव त्या माठापाशी अडकला. तिने लोटा भरून आणला. मी वरून धार धरून प्यालो, लोटा जोएलकडे दिला.

जोएलने खांद्याच्या पिशवीतून आपली पाण्याची बाटली काढली.

त्याची चूक नव्हती. आल्याआल्या बाहेरचं पाणी पिऊन त्याला सलाईन लागलं होतं. डॉक्टरने बजावलं होतं, बाटलीशिवाय थेंब नाही. पण दांडेवाला लगेच बोलला, "पाहा, आपल्या घरचं पाणी याले चालत नाही."

"नो बॉटल," मी हळूच म्हणालो. "जोएल, ड्रिंक."

"अंकल, डॉक्टर..."

"ड्रिंक!"

त्याने माझा चेहरा बघितला. मग पहिल्यांदाच मागे वळून गर्दी बघितली, दांडाही बघितला. त्याचं हसू गेलं. लोटा दोन्ही हातांत घेतला. मी केलं तसं तोंड वर केलं आणि सगळा लोटा एकदम उलटा केला. पाणी नाकात, कानात, शर्टात. ठसका लागला. डोळे लाल होईपर्यंत तो खोकत राहिला, पण लोटा रिकामा करूनच खाली ठेवला.

म्हातारीने पदराने त्याचं तोंड पुसलं आणि गर्दीकडे बघून म्हणाली, "याले पानी पेता येत नाही, हा काय पोरं चोरीन!"

दोघं-चौघं हसले. सगळे नाही. दांडेवाल्याने मोबाईल मागून फोटो पुसायला लावला. जोएलने मुकाट्याने पुसला. म्हातारीने चहा ठेवला. तो चहा मला गरम गरम ढोसून पळावंसं वाटत होतं. पण मी बशीत ओतून, फुंकून, सावकाश प्यालो. घाई दिसली असती तर पुन्हा सगळे उठले असते.

निघालो. गाडी मुद्दाम हळू चालवली. आरशात दोन मोटरसायकली दिसत होत्या. त्या पोहोचवायला येत होत्या की दुसऱ्या कशाला, कळायला मार्ग नव्हता. मोठा रस्ता लागला तेव्हा वळल्या. मग जोएल रडला. मी रेडिओ लावला आणि आवाज मोठा केला.

रात्रीच त्याला जुलाब सुरू झाले. पुन्हा सलाईन. शेठ दवाखान्यातच माझ्यावर बरसले. "मैंने निकलने को बोला था ना काका? किसका पानी पिला दिया?"

"शेठ, साहेब जिता आहे ना? मग सलाईनचं काय घेऊन बसलात?"

शेठने गाडी मधल्या कोणत्याही गावात थांबवायची नाही, असा नियम काढला. मी तो पाळला नाही.

जोएल सीझन संपेपर्यंत राहिला. लेकरू समोर आलं की दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. मी म्हणालो, "आता ओके." तो मान हलवायचा, हात काढायचा नाही.

रोज संध्याकाळी मात्र माझ्या ओट्यावर यायचा. लोटा घेऊन वरून पाणी प्यायला शिकायचा, फिल्टरचं. जायच्या वेळेपर्यंत थेंब सांडत नव्हता. आता शेठ दुसरा साहेब आणणार म्हणतात. केळीचं त्याला जे शिकवायचं ते त्याने शिकवावं. मी आधी लोटा देणार.