फाटकावर वाचलेला खुलासा

बापूसाहेबांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत आणि या गौरवग्रंथासाठी मी लिहावं, असा मंडळींचा आग्रह. चार कागद फाडून झाले. त्यांच्यापुढे कागद ठेवायचा म्हटलं की माझं असंच होतं.

त्यांची पहिली भेट कामठी रोडवरच्या आमच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात झाली. ते जनसंपर्क अधिकारी, मी नवा सहायक. "भीती वाटते का?" त्यांनी विचारलं. "वाटते, साहेब." "छान. जपून ठेवा," म्हणाले.

त्यांची एक रीत होती. खुलासा ज्यांच्याविरुद्ध असेल, त्यांना तो आधी वाचून दाखवायचा, मगच वर्तमानपत्रांना द्यायचा. सारं ऑफिस या रीतीला हसायचं. मीसुद्धा.

एकदा मागच्या वस्तीतल्या विहिरीचं पाणी लाल झालं, पोरांच्या अंगावर फोड उठले आणि वस्ती फाटकावर येऊन बसली. मॅनेजरसाहेबांना संध्याकाळच्या आत खुलासा हवा होता. मी आपला जुन्या फाइलीतला मजकूर उतरवला: पाणी शुद्ध आहे, आंदोलक बाहेरचे असून त्यांना फूस लावलेली आहे. विहीर मी पाहिलीही नव्हती!

बापूसाहेबांनी कागद वाचला आणि माझ्याच हाती परत दिला. "चला, वाचून दाखवा." माझी पाचावर धारण बसली.

फाटकाबाहेर पहिल्याच रांगेत सुगंधाबाई होत्या, कँटीनमध्ये रोज मला चहा देणाऱ्या. मी 'बाहेरचे'पर्यंत पोचलो आणि त्या उठल्या. "काहून गा बाबू, मी बाहेरची हाओ काय? माह्या नातवाच्या अंगाले फोड आले, अन् तू मले बाहेरची लिहून राहिला?" मी कागद बापूसाहेबांपुढे धरला.

त्यांनी तो खिशात घातला आणि बाईंबरोबर जाऊन विहीर पाहून आले. "पाणी आपल्याच नाल्यातलं आहे. हा खुलासा माझ्या सहीनं जाणार नाही," त्यांनी मॅनेजरसाहेबांना सांगितलं. "मग तुमच्या खुर्चीत दुसरा बसून सही करेल," उत्तर आलं. बाहेर येऊन त्यांनी पाणी मागितलं. पेला त्यांच्या दातांवर वाजत होता. "दोन मुली लग्नाच्या आहेत हो घरी," एवढंच बोलले. तोवर मला वाटायचं, हा माणूस भीतच नाही.

पुढचे कित्येक दिवस शिपाई दारात दिसला की नोकरीवरून काढल्याचं पत्रच आलं असं वाटून आम्ही दोघं एकमेकांकडे पाहायचो. त्यांच्या सहीवाचून खुलासा गेला नाही, तेव्हा वार्ताहर स्वतःच विहिरीवर पोचले आणि कारखान्याला नाला वळवावा लागला. बापूसाहेबांची नोकरी वाचली, बढती मात्र गेली ती गेलीच. सुगंधाबाईंनी मला पुन्हा चहा द्यायला दोन महिने लावले.

आज बापूसाहेबांच्या खुर्चीत मी बसतो. हा लेखही त्यांच्या रीतीनं आधी सुगंधाबाईंना वाचून दाखवला. "बराबर लिहिलं गा," म्हणाल्या, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

बापूसाहेब, उदंड जगा, धडधाकट राहा. मॅनेजर बदलले, पण जुन्या खुलाशांची ती फाइल अजून माझ्याच टेबलाच्या खणात आहे. तुम्ही आहात तोवर ती उघडायची मला भीती वाटते. तुमच्यानंतरचं मला सांगवत नाही.